गुंजेचा पाला

तिसरा डोसही वाया गेला, हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं.

मिरजेच्या त्या संशोधन रुग्णालयात आमच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या. पाच जणांना एकाच दिवशी, एकाच नव्या औषधाची सलाईन लागायची. बाकीच्या चौघांना दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप यायचा, पाय सुजायचे, अन्न समोर नकोसं व्हायचं. मी मात्र सकाळी उठून पोहे मागायची. पहिल्या वेळी सगळ्यांनी कौतुक केलं. शेजारच्या खुर्चीतले शिवगोंडा मगदूम सर, बेडगच्या हायस्कुलात भूगोल शिकवणारे, म्हणाले, "ताई, तुमची तब्येत लोखंडी दिसतीय." दुसऱ्या वेळी मलाच शंका आली. सत्तावीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होते. चढाला जी गाडी अजिबात धापा टाकत नाही, तिच्यात माणसंच बसलेली नसतात, एवढं मला कळतं.

तिसऱ्या डोसानंतर दहा दिवसांनी डॉ. नाझनीन मुजावर यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. दोघं म्हणजे मी, शालन तोडकर, वय छप्पन्न, आणि आमचे हे, बजरंग तोडकर, एसटीतलेच ड्रायव्हर. मिरज-जत मार्गावर चौदा वर्षं स्टेअरिंग ह्यांच्याकडे आणि घंटी माझ्याकडे होती. घरातही तसंच आहे, असं आगारातले लोक म्हणायचे. २०३५ साली गाड्यांना कंडक्टर लागेनासे झाले, मी घरी बसले आणि तीन वर्षांत हा आजार घेऊन दवाखान्यात आले. अंडाशयात सुरुवात झाली होती. आता यकृतावर सहा गाठी होत्या.

"मावशी, गाठी होत्या तेवढ्याच आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "उलट दोन जरा वाढल्यात."

"म्हंजे औषध लागू पडंना."

"औषध गाठीपर्यंत पोचतच नाहीये."

औषध कसं चालतं ते त्यांनी मला पहिल्या दिवशीच समजावलं होतं, आणि समजल्याशिवाय सही करणारी मी नव्हे. आपल्या अंगात जंतू शिरला की रक्तात त्याला ओळखणारी प्रथिनं तयार होतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात, म्हणजे अँटिबॉडी. प्रत्येक प्रतिपिंड एकच खूण ओळखतं आणि तिलाच जाऊन चिकटतं. माझ्या गाठींच्या पेशींवर एक विशिष्ट खूण होती. मगदूम सरांच्या स्वादुपिंडातल्या गाठीवरही तीच होती. शास्त्रज्ञांनी त्या खुणेला चिकटणारं प्रतिपिंड प्रयोगशाळेत बनवलं आणि त्याच्या शेपटीला विष जोडलं. रक्तातून फिरताना विष बांधलेलं राहतं. प्रतिपिंड पेशीला चिकटलं की पेशी आपणहून त्याला आत ओढते. आत गेल्यावर जोड तुटतो, विष मोकळं होतं आणि पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रणा बंद पाडतं. जुनी केमो म्हणजे गावभर फवारणी. हे औषध पत्ता वाचून एकाच घराचं दार वाजवणारं.

"मग पोचायला काय झालं?" मी विचारलं.

"तुमच्या रक्तात त्या विषाविरुद्धची प्रतिपिंडं आहेत. आमची नाहीत, तुमच्या शरीराने स्वतः बनवलेली. औषध आत गेलं की ती त्याला वाटेतच धरतात. थोडीफार प्रत्येकात तयार होतात, ते आम्ही धरून चाललो होतो. पण तुमचं पहिल्या डोसाच्या आधीचं रक्त आम्ही जपून ठेवलेलं होतं. काल ते तपासलं. त्यातही आहेत, आणि इतकी की यंत्राचा आकडा मी दोनदा काढायला लावला. असं कधी होतं माहितीये? ते विष वर्षानुवर्षं, लवमात्र, अंगात जात राहिलं तर."

मी ह्यांच्याकडे बघून हसले. "मला इष घालणारं माणूस एकच हाय घरात. इचारा त्यांनाच."

हेही हसले. डॉक्टर हसल्या नाहीत. "कागदावर आम्ही त्याचं शास्त्रीय नाव लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "साध्या भाषेत सांगायचं तर गुंजेच्या बीचं विष. लाल दाणा, वर काळा ठिपका. सोनार पूर्वी तिच्यावर सोनं तोलायचे."

ह्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. तिचं झाकण लावता लावता ह्यांचा हात थांबला.

"पाल्यात पण असतं का ओ ते?" ह्यांनी विचारलं.

मी नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी शेवंता कांबळे नावाच्या जुन्या कंडक्टरीणबाईंनी माझ्या तळहातावर मूठभर गुंजेचा पाला ठेवला होता. आगारात ती पद्धतच होती. दिवसभर 'पुढं सरका, तिकीट घ्या' ओरडून घसा सोलून निघायचा. पाला चावला की गोड रस घशाखाली उतरायचा आणि आवाज मोकळा व्हायचा. त्याच वर्षी ह्यांनी परसात गुंजेची वेल लावली. रोज सकाळी पाला खुडून, धुऊन, कागदात गुंडाळून माझ्या हातात द्यायचे. ह्यांनी मला फूल कधी दिलं नाही. पाला मात्र सत्तावीस वर्षांत एकदाही चुकला नाही.

आणि गेल्या वर्षी जुनी केमो झाली तेव्हा माझं तोंड आलं. गालाच्या आत, जिभेखाली सगळीकडे चट्टे. पाणी प्यायलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. तेव्हा हे दिवसातून तीनदा पाला वाटून तो रस मला तोंडात धरायला लावायचे. चार महिने.

डॉक्टर हे सगळं लिहून घेत होत्या. "दाण्यात विष भरपूर असतं, पाल्यात जवळजवळ नसतंच," त्या म्हणाल्या. "पोटातून गेलं असतं तर काही झालंच नसतं. पण सोललेला घसा, तोंडातल्या जखमा... थेंबाथेंबानं रक्तात गेलं, आणि शरीर त्याला ओळखायला शिकलं. मावशी, फॉर्ममध्ये आम्ही विचारलं होतं ना? काढा, जडीबुटी, घरगुती औषध?"

"ते काय औषध हाय व्हय? पाला हाय."

त्यांनी कपाळाला हात लावला. मला त्यांचा राग आला नाही. चूक माझीच होती, आणि तंबाखूचं व्यसन नाही म्हणून मिरवणाऱ्या आमच्या आगारातल्या कुठल्याही बाईनं तीच केली असती.

घरी पोचल्यावर ह्यांनी विळा घेतला आणि परसात गेले. मी मागून गेले तर वेलीपुढे नुसते उकिडवे बसलेले. विळा मातीत रुतवलेला.

"उठा," मी म्हटलं.

"माझ्या हातानं चारलं गं," हे म्हणाले. "रोज. धुऊन चारलं."

मलाही रडू येत होतं, पण त्या वेळी दोघांनी रडून चालणार नव्हतं. "तुम्ही धुऊन दिला म्हणून तर अतिसार झाला न्हाई मला कधी," मी म्हटलं. "उठा आता, भाकरी करायचीय." ते उठले, जेवलेही, पण त्या दिवसापासून माझ्या नजरेला नजर देईनात.

आठवड्यानं डॉक्टरांचा फोन आला. मार्ग निघाला होता. त्यांच्याकडे रक्त गाळायचं यंत्र होतं. त्याच्या गाळणीत गुंजेच्या विषाचा निकामी केलेला तुकडा चिकटवायचा. माझं रक्त एका हातातून काढून त्यातून फिरवायचं आणि दुसऱ्या हातातून परत घालायचं. त्या विषाला ओळखणारी प्रतिपिंडं तेवढी गाळणीला चिकटून राहतील, बाकीचं रक्त जसंच्या तसं परत. दोन दिवसांत दोन वेळा गाळलं की माझं रक्त मोकळं.

"किती दिवस मोकळं राहील?" मी विचारलं.

"साधारण पाच. मग शरीर पुन्हा बनवायला लागेल. त्या पाच दिवसांत डोस गेला पाहिजे. आणि मावशी, तुमचं रक्त कमी आहे, हे लगेच पुन्हा नाही करता येणार. मध्ये सहा आठवडे जावे लागतील."

"आन् गाठी सहा आठवडे थांबतील?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "नाही," म्हणाल्या.

म्हणजे एकच संधी. सोमवारी-मंगळवारी गाळायचं, गुरुवारी डोस. मी कॅलेंडरवर गुरुवारला गोल केला. ह्यांनी खूप दिवसांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

शनिवारी सकाळी मी नेहमीच्या तपासणीला गेले तर आमच्या खोलीला कुलूप. दारावर सूचना: औषधाचे सर्व डोस पुढील आदेशापर्यंत स्थगित. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मगदूम सरांची बायको त्रिशला बसली होती, पदराचं टोक मुठीत आवळून.

"रात्रीत आठ किलो वजन वाढलं ह्यांचं," ती मला म्हणाली. "सगळं पाणीच. श्वास घेता येईना म्हणून मशीनवर घातलंय."

माझा डोस थांबला तरी बाकीच्यांचे चालू होते, आणि सरांच्या चौथ्या डोसानंतर औषधाचा काही भाग जोड तुटून सुटला होता. सुटलेलं विष रक्तवाहिन्यांच्या अस्तराला लागलं की त्या झिरपायला लागतात. रक्तातलं पाणी बाहेर येतं आणि फुप्फुसात साठतं. सरांचं तेच झालं होतं. विष अजून रक्तात फिरत होतं, आणि त्यावर उतारा कुणाकडेच नव्हता.

मी बाकावर त्रिशलाच्या शेजारी बसले आणि एकदम उठले. कुणाकडेच नव्हता?

डॉक्टर मुजावर जिन्यात भेटल्या. डोळे लाल झालेले.

"डॉक्टर, माझ्या रक्तातनं सोमवारी तुम्ही जे गाळून टाकणार, ते कशाला धरतंय? ह्याच इषाला ना?"

त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, की हा विचार त्यांच्या मनात पहाटेच येऊन गेला होता.

"मग मला का इचारलं न्हाई?"

"मला तो अधिकार नाही, मावशी. ऐका नीट. तुमचं आज गाळलं, उद्या गाळलं, तर सरांना उतारा मिळेल. गाळणीला चिकटलेली प्रतिपिंडं सोडवून, शुद्ध करून त्यांना देता येतील. पण औषध बंद आहे. चौकशी किती दिवस चालेल, सांगता येत नाही. तुमचे पाच दिवस रिकामे जातील. आणि पुढचं गाळणं सहा आठवड्यांनी."

"आन् न्हाई दिलं तर सर?"

"उद्यापर्यंत..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

आमचे हे उपाहारगृहात चहा घेत होते. मी सांगायला लागले तसा त्यांनी कप खाली ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले.

"ऐकून तर घ्या."

"न्हाई म्हणलं ना. त्या मास्तराला मी वळखत न्हाई. तू माझी हाईस. शालन, इतकी वर्सं मी तुला इष चारलंय. आता त्यातनं सुटायचा एक रस्ता गावलाय, आन् तो तू दुसऱ्याला देतीस?" त्यांचा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. "मला हे ओझं घिऊन मागं ठेवतीस व्हय गं?"

मी संत नाही. मलाही मरायची भीती वाटत होती. नाही म्हणायला एखादं चांगलं कारण मिळतंय का, ते मी जिन्यापासून उपाहारगृहापर्यंत शोधत आले होते. सर गेले तर औषध कायमचं बंद होईल आणि माझा गुरुवारही जाईल, एवढं खरं होतं. पण ते काही माझं खरं कारण नव्हतं.

"तो माणूस तीन महिने माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतोय," मी म्हटलं. "त्याला श्वास घेता येईना. त्याचं औषध माझ्या अंगात हाय, आन् मी त्ये सोमवारपातूर धरून बसू? मग गुरुवारी डोस घेताना त्या रिकाम्या खुर्चीकडं बघू कशी?"

"मी सही करणार न्हाई."

"सही माझी लागती. तुमची न्हाई."

असं मी ह्यांना लग्नानंतर कधी बोलले नव्हते. ते बसूनच राहिले. मी गेले.

दोन्ही दिवस चार-चार तास मी यंत्रापाशी पडून होते. एका नळीतून रक्त जात होतं, दुसरीतून येत होतं. थंडी वाजत होती. हे खोलीत आले नाहीत. रविवारी परिचारिकेनं सांगितलं, की काका बाहेर बाकावर आहेत, मगदूम वहिनींना जबरदस्तीनं इडली खायला लावतायत.

माझ्यातून निघालेली प्रतिपिंडं चार लहान पिशव्यांत भरली. शनिवारी संध्याकाळी दोन सरांना चढवल्या, रविवारी दोन. सोमवारी त्यांच्या फुप्फुसातलं पाणी वाढायचं थांबलं. मंगळवारी लघवी सुटली. बुधवारी सकाळी नळी काढली, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला की नववीची सहामाही कुणी घेतली. त्रिशला हसता हसता रडायला लागली आणि आमच्या ह्यांच्या पाया पडायला वाकली. हे दोन पावलं मागे सरकले. "माझ्या न्हाई," म्हणाले, "माझ्या कशाला."

बुधवार माझा तिसरा मोकळा दिवस होता.

त्याच दिवशी दुपारी आचारसमितीची बैठक लागली. प्रयोगात माणसांच्या जिवाशी खेळ होऊ नये म्हणून नेमलेली ही समिती. पडद्यावर सहा चेहरे. डॉक्टर मुजावर यांनी माझ्यापुरत्या एका डोसाची परवानगी मागितली होती, तीही नेहमीच्या दोनतृतीयांश मात्रेत. मी आणि हे त्यांच्या शेजारी बसलो होतो.

"चौकशी पूर्ण व्हायला तीन आठवडे लागतील," अध्यक्ष म्हणाले. "तोवर कुणालाही डोस देणं नियमात बसत नाही."

"तीन आठवड्यांनी माझं रक्त भरल्यालं असंल, साहेब," मी म्हटलं. "मग तुम्ही परवानगी दिली काय आन् न दिली काय."

समितीतल्या एक निवृत्त न्यायाधीशबाई मघापासून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "तोडकरबाई, तुम्ही एका रुग्णाचा जीव वाचवलात. त्याचं बक्षीस म्हणून आम्ही परवानगी द्यावी, असं तुम्हाला वाटतं का?"

प्रश्न झोंबला. पण रास्त होता.

"न्हाई," मी म्हटलं. "दिलं ते दिलं. त्याचा ह्याच्याशी संबंध लावू नका. गुरुवारचा डोस मला त्याच्या आधीच ठरला व्हता. मी फक्त एवढंच म्हणते, की धोका माझ्या अंगाला हाय आन् गाठीबी माझ्याच अंगात हायत. गाठींचा धोका तुम्ही थांबवू शकत न्हाई. मग दुसरा घ्यायचा का न्हाई, ते मला ठरवू द्या."

"एक गोष्ट स्पष्ट समजलीय ना?" बाई म्हणाल्या. "चारही पिशव्या वापरून झाल्यात. मगदूमांसारखं तुम्हाला झालं, तर तुमच्यासाठी उतारा शिल्लक नाही."

"समजलीय."

"तुमच्या पतीला?"

मी ह्यांच्याकडे बघायचं टाळलं. पाच दिवसांत आम्ही जेवणापलीकडे बोललो नव्हतो. हे खुर्चीतून उठून उभे राहिले, साहेबापुढे राहावं तसे.

"मी एकतीस वर्सं गाडी चालवली," ते म्हणाले. "घाटात धुकं असलं की आगारातनं फोन यायचा, थांबायचं का जायचं, तुम्हीच बघा. समोरची वीस फूट दिसत असली की मी गाडी काढायचो. हिला आज वीस फूट दिसतंय. परवानंतर तेबी दिसणार न्हाई." त्यांनी घसा खाकरला. "मी आधी नको म्हणत व्हतो, ते माझ्यासाठी. हिच्यासाठी न्हाई. तिला जाऊ द्या."

परवानगी चार विरुद्ध दोन मतांनी मिळाली.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता डोस सुरू झाला. खोलीत मी एकटीच होते, चार खुर्च्या रिकाम्या. संध्याकाळी मला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, आणि मला इतका आनंद झाला की परिचारिकेला वाटलं वात झाला. औषध पोचलं होतं. शुक्रवारी ताप एकशे तीन. शनिवारी दुपारी पायांत घातलेले पैंजण रुतायला लागले. संध्याकाळी बोटं टोमॅटोसारखी तट्ट झाली आणि आडवं पडलं की दम लागायला लागला.

डॉक्टर मुजावर यांनी माझ्या छातीचं चित्र बघितलं आणि ह्यांना बाहेर नेलं. मला ऐकू आलं नाही, पण कळलं. रविवार सकाळपर्यंत माझं वजन पाच किलो वाढलं होतं. हे माझा हात धरून बसले होते. मला श्वास जपून घ्यायचा होता.

दर तीन तासांनी रक्त घेत होते. रविवारी दुपारी डॉक्टर हातात कागद घेऊन जवळजवळ पळतच आल्या. यंत्राचा आकडा चढला होता. शून्याच्या आसपास असलेली माझी प्रतिपिंडं परत आली होती, तीही दामदुपटीनं. माझ्या शरीरानं ते विष पुन्हा ओळखलं होतं आणि कामाला लागलं होतं.

"मावशी, चौथ्या दिवशी," त्या म्हणाल्या. "औषधाला गाठीत शिरायला तीन दिवस मिळाले. आणि आता जे सुटं विष तुमच्या रक्तवाहिन्यांना लागतंय, त्याला तुमचंच रक्त धरतंय. तुमचा उतारा तुमच्या आतच होता. आम्हाला कुणाला सुचलं नाही."

"कुठनं आला?" ह्यांनी विचारलं. त्यांना कळलं होतं. त्यांना ते कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही दिलेला, काका. इतकी वर्षं तुम्हीच दिलेला."

हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी त्यांना रडू दिलं. मंगळवारी माझ्या पायांची सूज उतरली.

सहा आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्यांच्या खोलीत बसलो. मधल्या काळात माझ्या रक्तातल्या पेशी घेऊन प्रयोगशाळेनं तो उतारा कारखान्यात बनवायला घेतला होता. तो तयार झाला की बंद पडलेल्या खुर्च्या पुन्हा भरणार होत्या. मगदूम सर काठी घेऊन शाळेत जाऊ लागले होते, त्यांची गाठ निम्मी झाली होती.

डॉक्टरांनी पडद्यावर माझं यकृत दाखवलं. सहापैकी तीन गाठी गेल्या होत्या. चौथी होती तिथं एक डाग राहिला होता. दोन तशाच होत्या.

"हे औषध तुम्हाला पुन्हा देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं रक्त आता त्याला जन्मात सोडणार नाही, कितीही गाळलं तरी. पण त्याच प्रतिपिंडाला दुसरं विष जोडलेलं एक औषध आहे. एका जिवाणूचं विष. तुमच्या शरीरानं ते कधी पाहिलेलं नाही. नागपूरला त्याचा प्रयोग सुरू होतोय. ते आमच्या औषधाहून जास्त नवं आहे, त्याचे धोके अजून पुरते माहीत नाहीत. उतारा तर नाहीच. तुम्ही नुकत्याच मरणाच्या दारातून आलाय. घरी जा, दोघं मिळून विचार करा. घाई नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आधीच माझ्याकडे बघत होते, डोळ्याला डोळा देऊन. मान हलवली त्यांनी, एवढीशी.

"तुम्हाला नसंल, डॉक्टर," मी म्हटलं. "मला हाय. सही कुठं करायची?"